गोलात नुसतं उभं राहायचं असतं म्हणे

अन्याय झाला तो प्रज्ञावर. माझ्या मावशीची मुलगी, दर्यापूरची, तिच्या शाळेच्या हँडबॉल संघाची गोलकीपर. कधी झाला तेही सांगते, कारण "असं काही झालंच नाही" म्हणणारे मला पुष्कळ भेटले. मागच्या वर्षी कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दर्यापूरच्या स्टँडासमोर, अमरावतीला जाणारी जीप भरत असताना झाला. जिल्ह्याच्या स्पर्धेला संघ निघाला होता. संघाच्या सरांनी प्रज्ञाला बाजूला बोलावलं आणि अंगातली जर्सी काढून द्यायला सांगितली. सरांच्या मागे एक मुलगी उभी होती, गोरीमोरी झालेली, हातात नवी कोरी बॅग. शाळेजवळच्या दवाखान्याच्या डॉक्टरांची रिद्धी. तिनं त्या दिवसापर्यंत हँडबॉल हातात धरला नव्हता. पण तिला खेळाचं सर्टिफिकेट हवं होतं.

प्रज्ञानं पानटपरीच्या मागे जाऊन जर्सी काढली, स्वेटर परत चढवला, जर्सीची घडी केली आणि दिली. घडी कशाला केलीस, म्हणून मी नंतर तिच्यावर ओरडले. "मंग काय बोळा करून देऊ, ताई?" ती म्हणाली.

जीपच्या पुढच्या सीटवर बसता बसता सर म्हणाले, "नाराज नको होऊ. गोलात काय, नुसतं उभंच तर राहायचं असते. जागल्यासारखं. कोनीबी राहीन."

जीप गेली.

आता पुन्हा हिवाळा आला आहे. अकोल्यात, जठारपेठेतल्या माझ्या खोलीच्या खिडकीची काच सकाळी ओली असते. खाली भाजीवाल्या बाया तुरीच्या शेंगांचे ढीग लावतात. दर्यापूरला जायला निघाले की वाटेत कापसानं फुगलेले ट्रक भेटतात, आणि ते जाऊन गेले तरी कडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस लटकत राहतो, झाडालाच फुटल्यासारखा. लोकांना हिवाळा म्हटला की हुरडा आठवतो, शेकोटी आठवते. मला फक्की आठवते. शाळांच्या मैदानांवर पांढऱ्या भुकटीनं मारलेल्या रेघा. आमच्याकडे सगळे खेळ हिवाळ्यात उगवतात आणि तुरी सोंगायच्या आत संपतात. त्या रेघांच्या आत कोण उभं राहणार, हे मात्र रेघा मारायच्या आधीच ठरलेलं असतं.

सरांना "जागल्या" म्हणताना काय म्हणायचं होतं ते सर जाणोत. आमच्या घरात तो शब्द कसा ऐकू गेला, ते मी सांगते. वऱ्हाडात पीक उभं असलं की माणसं रात्री शेतात जागायला जातात, रानडुकरं येतात म्हणून. त्याला जागल म्हणतात. त्यात वाईट काही नाही. पण त्याच्याही आधी गावाचा एक जागल्या असायचा. लोकांचं खळं राखायचं, लोकांची वेस राखायची, आणि जे पदरात टाकतील ते घ्यायचं. ते काम आमच्याच लोकांचं होतं. मागितलेलं नाही, जन्मानं गळ्यात पडलेलं. छप्पन साली प्रज्ञाच्या पणजोबांनी धर्म बदलला तेव्हा ते कामही फेकून दिलं, आणि त्या शब्दाला घरात बंदी झाली. मावसाजी आजही स्वतःच्या शेतात राखणीला निघतात तेव्हा "जागलीले चाल्लो" असं म्हणत नाहीत. "वावरात झोपाले चाल्लो" म्हणतात. झोपत तर कधीच नाहीत. पण शब्द उच्चारत नाहीत.

आणि सरांनी तो शब्द पोरीच्या हातात ठेवला, जर्सीच्या बदल्यात.

त्या संध्याकाळी मी दर्यापूरला पोचले तेव्हा मावशी चुलीपुढे होती. प्रज्ञा कोपऱ्यात बसून बुटांच्या नाड्या काढत होती. नुसते बूट नाही, नाड्यासुद्धा. त्या तिनं गुंडाळल्या, बुटांच्या आत ठेवल्या आणि बूट कोठीच्या मागे सरकवले.

"काय करून राहिली व?" मी विचारलं.

"ठेवून राहिली. झालं आता."

मावशीनं भाकरी उलटली. "जाऊ दे नं बाई. बारावीले बसली का अभ्यास बी पडन. काय करायचं हाये त्या बॉलचं."

"मावशी, जर्सी तिची होती."

"होती तं. आपल्या कितीक गोष्टी होत्या."

मावशी हे इतकं शांतपणे म्हणाली की मला तिचाच राग आला. मला शांत माणसांचा राग येतो, हे माझं जुनंच आहे. मी पत्रकं लिहून लिहून मोठी झाले. शिष्यवृत्ती अडली, पत्रक. वसतिगृहात पाणी नाही, पत्रक. त्याच रात्री मी पत्रक लिहिलं. "जर्सी कोणाची?" असा मथळा दिला आणि दर्यापूरच्या बाजाराच्या दिवशी वाटायला उभी राहिले.

आणि तिथे मला कळलं की मी कुठल्या भिंतीवर डोकं आपटते आहे. पहिल्याच माणसानं, चांगला शिकलेला, पत्रक उलटसुलट केलं आणि विचारलं, "हँडबॉल? थो तं फाऊल असते नं?"

हसू नका. त्याची चूक नाही. आमच्याकडे गल्लीबोळात फुटबॉल खेळतात, आणि बॉल कुणाच्या हाताला लागला की सगळे मिळून बोंबलतात, "हँडबॉल! हँडबॉल!" वऱ्हाडातल्या अर्ध्या माणसांनी हा शब्द फक्त आरोप म्हणून ऐकलेला आहे. मावसाजींनासुद्धा लेक दोन वर्षं गोलात उभी राहिली तरी वाटत होतं की ती जे खेळते त्याचं खरं नाव दुसरंच काही असेल आणि हे पोरांनी ठेवलेलं असेल. "फाऊलचा बी येगळा खेळ काढला काय शायेनं?" असं त्यांनी मला एकदा खरंच विचारलं होतं.

दुसरा प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच. "त्याचं सर्टिफिकेट भेटते काय?"

इथे मी थांबून नीट बोलते, कारण हे बाजारातल्या त्या माणसाचं नाही, हे आपलं आहे. खेळात भाग घेतला तर वाढीव मार्क मिळतात. पुढे खेळाडू म्हणून नोकरीत राखीव जागा असते. चांगलीच गोष्ट आहे. खेळणाऱ्या गरीब पोरीला त्याच दोन पायऱ्या असतात. पण आपण काय केलं? क्रिकेटमध्ये गर्दी, कबड्डीत सगळ्यांना सगळं कळतं, तिथे लबाडी लगेच दिसते. मग जो खेळ कुणी बघत नाही तो शोधला. जिथे बघणारा नाही तिथे कोण गोलात उभं आहे याची कुणाला फिकीर? हँडबॉल हा आमच्याकडे खेळ नाही, तो सर्टिफिकेटचा एक प्रकार आहे. रेशनच्या रांगेत नाव घालावं तसं संघात नाव घालतात. आणि घालणारे कोण? अडाणी नाहीत. डॉक्टर, मास्तर, साहेब. सभांना पहिल्या रांगेत बसतात ते.

माझं पत्रक त्या दिवशी वाऱ्यानं उडून कापसाबरोबर बाभळींना अडकलं असेल. कुणाला काही झालं नाही. संघ अमरावतीहून हरून परत आला, रिद्धीला सर्टिफिकेट मिळालं.

तेवढ्यात पेपरात वाचलं की आशियातल्या देशांची महिला हँडबॉल स्पर्धा दिल्लीत भरते आहे. चार ओळींची बातमी होती, खालच्या कोपऱ्यात. मी ती फाडली आणि दर्यापूरची जीप पकडली.

मावशी म्हणाली, "दिल्ली? बॉल पाहाले? येडी झाली काय तू?"

"हाव."

"अन् राहान कोठी?"

"माझी मैत्रीण शिकते तिथं. तिच्या खोलीवर."

"दोघी पोट्ट्या, थंडीच्या दिवसात, एवढ्या दूर, कोनाचे बॉल पाहाले जाऊन राहिल्या, कोनी इचारलं तं काय सांगू?"

तेव्हा मावसाजी पहिल्यांदा बोलले. दारात बसून विळ्याला धार लावत होते, मान वर न करता. "सांग का फाऊल पाहाले गेल्या."

मावशी हसली नाही, पण तिनं तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून पिशवीभर बांधून दिल्या. आमच्याकडे परवानगी अशी मिळते.

अकोल्याहून भुसावळ, भुसावळहून दिल्ली. वाटेतलं फार काही सांगण्यासारखं नाही. प्रज्ञा खिडकीशी बसून होती आणि बोलत नव्हती. आपण येऊन ताईवर उपकार करतोय, असं तिला वाटत होतं. तिला खेळ सोडायचा होता, आणि मी तिला तोच खेळ दाखवायला ओढून नेत होते. इटारसीनंतर थंडी वाढली तेव्हा तिनं एवढंच म्हटलं, "ताई, पाहून झालं का मले म्हनू नको, खेळ म्हणून."

"नाही म्हणणार."

स्टेडियमच्या गेटवर पोलिसानं पिशवी उघडली. "ये क्या है?"

"शेंगा."

"क्या?"

"तुवर की फल्ली. खाने की."

"खाने का अंदर नहीं जाएगा."

प्रज्ञाला हे मान्य नव्हतं. एवढ्या दुरून आणलेल्या शेंगा कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या? ती तिथेच फुटपाथवर बसली आणि सोलायला लागली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिला कशासाठी तरी भांडताना बघून मीही बसले. पोलीस थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिला आणि मग जवळ आला. "अरे, ये तो अरहर है! उबाल के खाते हो तुम लोग?" त्यानंही मूठभर घेतल्या. बिहारचा होता. त्यांच्याकडे अरहर फाल्गुनानंतर निघते म्हणाला. "तुम लोग किसको सपोर्ट करने आए हो?" त्यानं विचारलं.

"गोलकीपर को," प्रज्ञा म्हणाली.

"कौन से देश की?"

"सबकी."

आत गेलो, आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती आवाज. आमच्या मैदानावर मुरूम असतो; बॉल पडला की धप्प होतो आणि मरतो. इथे बॉल जमिनीवर आपटला की सगळं छत वाजत होतं. बुटांचा चर्रर आवाज, शिट्टी, आणि बाकावर बसलेल्या खेळाडूंचं एकसुरात ओरडणं. पोरी हाताला काहीतरी चिकट लावत होत्या, म्हणजे बॉल तळव्याला धरून राहतो. वर उडी घेऊन, हवेत थांबल्यासारखं करून, मग फेकायच्या. इराणच्या मुली डोकं पूर्ण झाकून अशा धावत होत्या की बातम्यांतून त्यांच्याबद्दल माझ्या डोक्यात बसलेलं सगळं त्यांच्या पायाखाली गेलं. प्रेक्षक भरगच्च नव्हते. शाळांची मुलं होती, काही पाहुण्या देशांचे लोक झेंडे घेऊन. पण प्रत्येक पाससाठी कुणीतरी टाळी वाजवत होतं. कुणीतरी बघत होतं.

मी बॉलच्या मागे नजर फिरवत होते. प्रज्ञा बॉलकडे बघतच नव्हती. बॉल मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असतानाही ती अलीकडच्या कीपरकडेच बघत होती. कीपर तेव्हा काय करते? मी तोवर कधी विचारच केला नव्हता. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर डोलते. खांबाला हात लावून बघते, आपण कुठे आहोत ते. ओरडून पुढच्यांना सांगते. आणि हल्ला आला की पुढे येते. मागे जात नाही, पुढे येते. एका हातभर अंतरावरून फेकलेल्या बॉलसमोर हात आणि पाय चारी दिशांना फेकते, नुसत्या हातांनी, नुसत्या मांड्यांनी, तोंडानं सुद्धा.

"पाहून राहिली काय?" प्रज्ञा माझा दंड धरून म्हणाली. "थे उभी नाई राहत, ताई. थे जागा खाते. समोरचीले गोल दिसूच देत नाई."

तिचे स्वतःचे हात खुर्चीवर बसल्या बसल्या हलत होते. मग एका क्षणी ती उठलीच. मागच्या रांगेतल्या काकांनी म्हटलं, "बैठ जाओ बेटा, दिखता नहीं."

"बसतो नं बापा," ती वऱ्हाडीत म्हणाली, आणि बसली नाही.

कोरियाच्या मॅचला एक गोष्ट झाली. पेनल्टी मिळाली समोरच्या संघाला. एक फेकणारी, एक कीपर, मध्ये कुणी नाही. कोरियाची कीपर चांगली खेळत होती, तरी ती पळत बाहेर आली आणि बाकावरून दुसरी कीपर उठली. तिनं स्वेटर काढला, मान दोनदा वळवली, गोलात गेली. बॉल आला. तिचा पाय कुठून वर आला ते मला दिसलंसुद्धा नाही. बॉल बाहेर. संपूर्ण बाक उभा राहिला. आणि ती पळत परत आली, स्वेटर चढवला आणि बसली.

"एवढ्यासाठीच उठली?" मी म्हटलं.

प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी होतं. ते आनंदाचं नव्हतं. मला तिचा चेहरा ठाऊक आहे, ती चिडली होती. "एका बॉलसाठी येगळी पोरगी ठेवतेत," ती म्हणाली. "एका बॉलसाठी! तिले माहीत असते का हा बॉल मायाच हाये. अन् आमच्या इथं म्हनते कोनीबी राहीन."

मग आपल्या देशाची मॅच. समोरचा संघ कितीतरी ताकदीचा होता आणि आपल्यावर गोलांमागून गोल होत होते. मला बघवेना. मी खाली मान घालून घोषणा रचत बसले, माझी सवय. तेव्हा प्रज्ञा ओरडायला लागली. आधी हळू, मग घसा फाडून. "रोक माय, रोक! सोडू नको व! पुढं ये, पुढं!" दिल्लीच्या त्या छताखाली दर्यापूरच्या वावरातला आवाज. शाळेची पोरं मागे वळून हसली, आणि मग त्यांनीही तेच धरलं, अर्थ न कळता, "रोक माय, रोक!"

परतीच्या गाडीत, मी न विचारता, ती बोलली. "गोल झाला का तमाम पोरी पाठ फिरवून पळतेत. बरोबरच हाये, त्याईले आपल्या जागी जायचं असते. गोलाच्या जायीतून बॉल काहाडते थे कीपरच. तिच्यावरच गोल झाला, अन् तिनंच वाकून काहाडायचा, अन् लगेच फेकायचा. रडाले टाइमच नाई." मग म्हणाली, "मी तं जीप गेली तवापासून जायीतच बॉल ठेवून बसली, ताई."

घरी गेल्यावर तिनं कोठीच्या मागून बूट काढले. नाड्या ओवत होती तेव्हा मावसाजी वावरात निघाले होते, खांद्यावर घोंगडी, हातात बॅटरी. लेकीनं त्यांना दिल्लीचं सगळं सांगितलं होतं: पुढे येणं, जागा खाणं, डोळा न लवू देणं. ते दारात थांबले.

"म्हंजे रातभर डुकरावर डोया ठेवा लागते तसंच हाये हे."

"तसंच, बाबा."

"मंग त्या मास्तरले सांग, जागल काय असते ते त्याले माहीतच नाई. येजो म्हना एक रात मायासंगं."

मावशीचा हात परातीत थांबला. सत्तर वर्षांची बंदी मोडून तो शब्द घरात आला होता, आणि आणणाऱ्यानं तो भीक म्हणून नाही, हक्क म्हणून आणला होता. आपल्या वावराची जागल. आपल्या गोलाची.

त्या दिवसापासून वर्षभर, पावसाळ्यात गोठ्याच्या भिंतीशी, उन्हाळ्यात सूर्य उतरल्यावर, मावसाजींनी बॉल फेकले आणि प्रज्ञानं अडवले. लहानपणी गोफणीनं ज्वारीवरची पाखरं उडवलेला त्यांचा हात आहे. बॉल कुठून येईल सांगता येत नाही. तिच्या मांड्यांवर निळे डाग असतात. मावशी हळद लावते आणि दोघांनाही शिव्या घालते.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता, एखादं पत्रक काढून मोकळी झाले असते. पण परवा, दिवाळीनंतर, जठारपेठेत चहाच्या टपरीवर एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पाठीवर क्लासची बॅग. "तुम्हीच ना ते पत्रक वाटलं होतं? जर्सीचं?"

मी ओळखलं नाही. तिनंच सांगितलं. रिद्धी. शाळेत नाव दर्यापूरलाच आहे, प्रवेश-परीक्षेच्या क्लासला मात्र अकोल्यात असते. मी भांडायच्या तयारीत कप खाली ठेवला. वर्षभर हिच्याशी मी मनात भांडले होते.

"मला ती जर्सी ढगळ होत होती," ती म्हणाली.

"ऐकलं मी. हरलात ते पण ऐकलं."

"मी डोळे मिटून उभी होते. बॉल नाकावर बसला. रक्त आलं. सर म्हणाले, काही नाही होत, मॅच संपेपर्यंत उभी राहा फक्त." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "येताना जीपमध्ये माझ्याशी कुणी बोललं नाही. त्यांचं बरोबरच होतं."

"मग गेलीस कशाला?"

"मी पप्पांना सांगितलं होतं, मला येत नाही म्हणून. पप्पा म्हणाले, त्यात काय, गोलात नुसतं उभं राहायचं असतं." तिनं बॅगचा पट्टा ओढला. "यंदाही नाव देणार आहेत. बारावीचं वर्ष आहे, मार्क वाढतील म्हणतात. प्रज्ञा अजून खेळते का हो?"

"खेळते. तिचंही बारावीचंच वर्ष आहे."

"मग यंदा पण..." ती थांबली.

"तू काय म्हणालीस पप्पांना?"

"मला कुणी विचारलंच नाही."

ती क्लासला गेली. मी तिथेच उभी राहिले. माझा राग कमी झाला, असं समजू नका. त्यानं फक्त पत्ता बदलला. एका मुलीची जागा काढून घेतली, आणि दुसरीला त्या जागेत डोळे मिटून उभं केलं, नाक फुटेपर्यंत. दोघींनाही हात धरून तिथे नेणारी माणसं मोठी होती, शहाणी होती, आणि संध्याकाळी घरी जाऊन नीट जेवली.

शाळेच्या वयोगटातला प्रज्ञाचा हा शेवटचा हिवाळा आहे. दर्यापूरच्या मैदानावर फक्की पडली आहे. सरांना ती विचारायला गेली, तर सर म्हणाले, "पाहू." ती म्हणाली, "पाहा सर. पण मी गोलातून हलनार नाई. जर्सी नसली तं स्वेटरवर उभी राहीन. काहाडाची असन तं सगळ्यायच्या समोर काहाडा, टपरीच्या मागं नाई." मावसाजी रेघेबाहेर बसणार आहेत, घोंगडी घेऊन. मावशीही येणार आहे; तिनं शेजारच्या बायांना सांगून ठेवलं आहे. मी तर असेनच, आणि या वेळी पत्रक वाटणार नाही, ओरडणार आहे.

पण आम्ही एका गोलाभोवती उभे राहू शकतो. वऱ्हाडात गोल पुष्कळ आहेत, आणि बाकीच्या ठिकाणी तुम्ही आहात. म्हणून हे तुमच्यासाठी, वाचणाऱ्यासाठी आहे. इकडेतिकडे बघू नका. तुमच्या घरात शाळेत जाणारी मुलगी आहे किंवा मुलगा आहे. या हिवाळ्यात कुठल्या तरी संघात तुम्ही त्याचं नाव घातलं असेल, कुणाला तरी शब्द टाकून, सहज, सगळेच घालतात म्हणून. आता हे पान खाली ठेवा आणि त्या लेकराला हाक मारा. समोर बसवा. विचारा: तुला हा खेळ येतो का? तुला खेळायचं आहे का? उत्तर देईपर्यंत गप्प राहा. आणि ते नाही म्हणालं, तर उद्या सकाळी शाळेत जा, फोन करू नका, स्वतः जा, आणि ते नाव काढून या.